डॉक्टर नसलेल्या माणसाचं दुकान

औषधाच्या दुकानात बाटल्या रिकाम्या होतात, किस्से मात्र साठतच जातात. आता मंडळी हसतात. पण मी मुळात भित्रा माणूस, आणि यातल्या प्रत्येक किश्शात माझी घाबरगुंडी उडाली होती. धास्ती एकच: आपल्या हातच्या औषधाने कुणी दगावू नये.

*

नागावात दुकान थाटलं तेव्हा डॉक्टर अलिबागेत, आणि रस्ता बैलगाडीचा. मुंबईच्या दवाखान्यात कंपाउंडर होतो, एवढंच माझं भांडवल. पहिल्याच सकाळी एक म्हातारे गृहस्थ आले आणि त्यांनी टेबलावर मनगट ठेवलं.

"बघा नाडी."

"अहो, मी डॉक्टर नाही. औषधं विकतो."

"म्हणून तर आलो. डॉक्टर सुई टोचतो."

मी मनगट धरलं. नाडी अशी उडत होती की मला दरदरून घाम फुटला. म्हातारे शांतपणे म्हणाले, "ती तुमची असेल."

*

पोशा तांडेल एका मोठ्या होडीचा प्रमुख. त्याच्या एका खलाशाला हिवताप भरला. मी क्विनाइनच्या एकवीस पुड्या दिल्या. दिवसाला तीन, आठवडाभर. चौथ्या दिवशी होडी किनाऱ्याला लागली आणि त्या खलाशाला झोळीत घालून माझ्या दारात आणलं. अंगाला हात लाववत नव्हता.

"पुड्या कुठायत?"

"संपल्या," पोशा म्हणाला. "सात जण हाव. तीन-तीन वाट्याला आल्या."

होडीवर जे चढेल त्याचे सारखे वाटे पडतात, मग मासळी असो की औषध. सहा धडधाकट माणसांनी तोंडं वाकडी करत कडू जहर गिळलं होतं. मी संतापून म्हणालो, "अरे, आजारी हा एकटा ना?"

झोळीतून क्षीण आवाज आला, "वाट्यात दुजाभाव न्हाय चालत."

त्याला मी ओसरीवर ठेवून घेतलं आणि सात दिवस माझ्यासमोर पुड्या गिळायला लावल्या. वाचला बिचारा.

*

पटकीची साथ आली तेव्हा विहिरीत टाकायची लाल पूड सरकारने माझ्याकडेच धाडली. पाणी गुलाबी झालं आणि सगळी आळी मागे सरली. विहिरीच्या मालकीण काशीकाकू म्हणाल्या, "आधी तुम्ही प्या."

पूड टाकून घटकाही झाली नव्हती, आणि तिचा गुण यायला रात्र जावी लागते. पटकीला मी त्यांच्याहून जास्त भीत होतो. पण वीस माणसं बघत होती. प्यालो.

"आता चार दिवस बघू," काकू म्हणाल्या. चार दिवस आळीने लांबून पाणी आणलं आणि रोज सकाळी कुणीतरी माझं दार वाजवून विचारलं, "आहात ना?"

*

एकदा नारळ काढणारा गोविंद पाठ धरली म्हणून आला. त्याच वेळी हाजराबी आल्या. मुलगा जहाजावर, आणि पाच वर्षांची नात सकिना तापाने फणफणलेली. मी दोन बाटल्या भरल्या. एकीत पाठीला चोळायचं औषध, इतकं जहाल की पोटात गेलं तर खेळ खलास. दुसरीत तापाचं, गोड पाकातलं. तापाच्या बाटलीवर खाचा कापलेली कागदाची पट्टी चिकटवायची असते, म्हणजे एका वेळी एका खाचेइतकं द्यायचं हे कळतं. पट्टीवर शाईने लिहिलं, 'दिवसातून तीनदा', आणि हाजराबींना तोंडानेही सांगितलं, एका वेळी एक खाच.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी गोविंद आला. "औषध बरं हाय, पन पाठीला मुंग्या लागतात."

मी त्याच्या पाठीवर बोट फिरवून जिभेला लावलं. गोड लागलं.

म्हणजे जहाल बाटली कालपासून हाजराबींच्या घरात होती, माझ्याच हातची पट्टी लावलेली. एव्हाना तीन वेळा देऊन झालं असणार.

मी अनवाणी धावत सुटलो. रडत होतो, लपवायचं काय त्यात? त्यांच्या दारापाशी बायकांचे आवाज ऐकले आणि वाईट तेच मनात आणून पुढे झालो.

सकिना ओट्यावर बसून पेज पीत होती. कपाळ गार. कोनाड्यात बाटली होती, बुचापर्यंत भरलेली. तिच्यावर पट्टी नव्हती.

"औषध... दिलंत?"

"दिलं की, तीन वेळा," हाजराबी म्हणाल्या. "एकेक खाच कापून पाण्यात घोळवली आणि ते पाणी पाजलं. दर्ग्यातला मंतरलेला कागद देतो तसंच. शाई उतरली आणि मागोमाग ताप उतरला. तुमच्या हाताला बरकत आहे."

"आणि बाटली?"

त्यांनी मला खाली बसवलं, पाण्याचा पेला हातात दिला.

"कागद वाऱ्यावर उडू नये म्हणून बाटलीला चिकटवलात, इतकं कळतं मला. घेऊन जा तुमची बाटली. दुसऱ्या कुणाच्या कागदाला होईल."