अकराव्या पायरीवर

आमचं घर रस्त्यापासून वर आहे. पावसकडे जाणाऱ्या रस्त्यावरून जांभ्याच्या एकतीस पायऱ्या चढून यावं लागतं. दुसरी वाट नाही. बायको होती तोवर त्या मी कधी मोजल्या नव्हत्या. आता मोजतो. आठवड्यातून एकदा खाली उतरतो आणि उतरतानाच परत वर कसा येणार याची धास्ती असते.

दुखणं ती गेल्यानंतरचं. दिवसकार्य आटोपलं, पाहुणे गेले आणि मी पडवीतल्या खुर्चीत बसलो, तो जवळजवळ वर्षभर. वाचायचं, खायचं, पुन्हा वाचायचं. हातपाय काड्यांसारखेच राहिले, पोट तेवढं पुढे आलं. मग एका सकाळी मोरीत वाकलो आणि सरळ होता येईना.

डॉक्टरांनी एमआरआय काढायला सांगितला. त्याचं पाकीट ठेवायला कपाट उघडलं, तर आत तिचं पाकीट होतं, तीन वर्षांपूर्वीचं. तेव्हा मी दवाखान्यात बाहेरच्या बाकावर वाचत बसलो होतो. बाहेर येऊन ती म्हणाली होती, "मणक्यातली गादी झिजलीय म्हणतात."

"आधी वजन उतरव," मी म्हटलं होतं.

पुढे तेच म्हणत राहिलो. बाजारातून येताना ती अकराव्या पायरीवर टेकायची. मी वरून विचारायचो, "आली का गाडी स्टेशनात?"

"आली. हमाल धाडा!"

मी हसायचो आणि पान उलटायचो.

डॉक्टरांकडे मी दोन्ही पाकिटं घेऊन गेलो. ते मुलाच्या वयाचे, शांतपणे समजावून सांगणारे. माझी फिल्म उजेडावर लावून म्हणाले, "काका, हे पाठीचे स्नायू. त्यातले पांढरे पट्टे दिसतात ना, ती चरबी. पोट कंबरेला पुढे ओढतंय आणि मागून आवरायला ताकद नाही."

"मी जाड नाही हो."

"काट्यावर नाही. आतून आहात."

मग मी दुसरं पाकीट पुढे केलं. "हे जरा बघाल? मिसेसचं आहे."

ते बराच वेळ बघत राहिले. "खालच्या दोन गाद्या गेल्यात. नसांची जागा अरुंद झालीय. थोडं चाललं की पाय भरून येत असतील यांचे. बसलं की बरं वाटत असेल."

"वजनामुळेच ना?" मी विचारलं. त्यांनी हो म्हणावं असं मला फार वाटत होतं.

"वजनाचा भार पडतोच. पण दुखतं म्हणून हालचाल कमी होते, ती कमी झाली की चरबी वाढते, स्नायूंतही शिरते, मग आणखी दुखतं. सुरुवात कुठून झाली ते फिल्मवरून नाही सांगता येत. बारीक माणसांनाही होतं हे. त्यांना घेऊन या एकदा, व्यायाम सांगतो."

"बरं," मी म्हटलं.

मला त्यांनी रोज चालायला सांगितलं. चालवत नाही म्हटल्यावर म्हणाले, "थोडं चाला, बसा, पुन्हा चाला."

रिक्षावाल्याने पायऱ्यांपाशी सोडलं. पाकिटं काखेत धरून चढू लागलो. दहाव्या पायरीला पाय जड झाले, अकराव्या पायरीवर बसलो. तिथे पायऱ्या वळतात. मान वर केली तर पडवीतली माझी खुर्ची पूर्ण दिसली, खुर्चीच्या हातावर पालथं घातलेलं पुस्तकसुद्धा. इतकी वर्षं मला वाटायचं, तिथून मीच तिला बघतो.

खालून मासेवाली चालली होती. पाटी डोक्यावर, मला बघून थांबली.

"काय काका, बसलात? काकी पण हितंच बसायच्या. मी म्हणायची, पिशवी नेऊन देते वर. तर म्हणायच्या, नको गो, येतील ते आता खाली."

मी काखेतली पाकिटं मांडीवर घेतली.

"हात देऊ काय?" तिने विचारलं.

"नको," मी म्हटलं.

ती पुढे गेली. तिची हाक वळणापलीकडे जाईपर्यंत मी खुर्चीकडे बघत होतो. अजून वीस पायऱ्या होत्या. उठायचा प्रयत्न केला, पण पाय उचलेनात.