कूलरची जाळी अन् आफ्रिकेचा पाहुणा

कूलरच्या ओल्या वाळ्याचा वास आला म्हणजे आता मी आजोळ, आमरस अन् दुपारची झोप सांगीन, असं तुमाले वाटलं असंन. नाही. मले मासे आठवतात.

ऐंशीच्या दशकातला मे महिना, नंदनवन कॉलनीतलं आमचं घर. काचेच्या टाकीत दक्षिण अमेरिकेच्या एंजल माशाची जोडी पानावरच्या अंड्याईले पंखानं वारा घालून राहिली होती. बाबानं त्यातच आफ्रिकेचा एक निळा मासा सोडला.

"सिक्लिडच हायेत सारे, एकाच कुळीचे. भांडतीन काहून?" असं म्हणून ते कळमन्याच्या बाजारात गेले.

निळ्यानं पहिले मादीची शेपटी फाडली, मंग अंड्याईकडे वळला. मी हात घातला का तो दगडामागं लपे, काढला का पुन्हा धावे. मादी अर्ध्या शेपटीनं अंड्यापुढं उभी, हटेच ना. मी धावत जाऊन कूलरची जाळी उपटली, तिच्यातला वाळा खाली टाकला अन् ती टाकीच्या मधात तिरपी अडकवली. निळा धडकला अन् थांबला.

तवा मले फक्त त्या निळ्याची धास्ती होती. आता आठवते ती मादी.

सांजच्याले बाबा घामानं भिजून आले. वाळा फरशीवर, कूलर गरम हवा फेकून राहिला. मी त्याईच्याच आवाजात म्हटलं, "एकाच कुळीचे हायेत, भांडतीन काहून?"

"माही नक्कल करतं बे? मासे मजेत अन् बाप तव्यावर! आपण दोघंही एकाच कुळीचे हाओ ना? ये इकडं, दाखोतो कसे भांडतात!"