लीलाकाकूंनी न केलेली सही

लीलाकाकूंमुळे माझी नोकरी हुकली.

आज सकाळी काकू गेल्या. तरी हे आधी सांगून टाकलेलं बरं.

मोहाडी तालुक्यातलं आमचं गाव. तलावाच्या वरच्या अंगाला गावाचं झुडपी जंगल. बाहेरच्याला नुसते काटेकुटे दिसतात. आमची गुरं तिथं चरतात. बाया मोहफुलं वेचतात, झाडूसाठी शिंदीची पानं आणतात.

तिथे रिसॉर्ट येणार होता. कॉटेज, झिपलाइन, रेन डान्स, सगळं.

मी ग्रामपंचायतीत कॉम्प्युटर ऑपरेटर. रिसॉर्टवाल्यांनी मला फ्रंट ऑफिसला घेतो म्हटलं होतं. भंडाऱ्याच्या दुकानात मी ब्लेझरही घालून पाहिला होता. हसा.

आडवा आला वनहक्क कायदा. गावाचा सामूहिक हक्क असलेली जंगलजमीन अशा कामाला द्यायची तर ग्रामसभेची संमती लागते.

आमच्याकडे ग्रामसभेची एक पद्धत होती. हजेरी म्हणून कोऱ्या पानावर सह्या, ठराव मागाहून. तो मीच लिहायचो. कुणी विचारत नसे.

यावेळी मी जास्त हुशारी केली. सभेच्या आधीच घरोघरी सह्या घ्यायला निघालो. पहिलं घर लीलाकाकूंचं, कारण वनहक्क समितीच्या अध्यक्ष त्याच. त्यांची सही दिसली की बाकीचे डोळे मिटून करतील, असा हिशोब.

काकू धानाच्या रोवण्याहून आल्या होत्या. हात धुतले, चष्मा लावला, रजिस्टरचं पान उलटून पाहिलं.

"बाबू, इथं त काहीच लिव्हलं नाही. मी कायच्यावर सही करू?"

हजेरी आहे म्हटलं.

"मंग सभेत बसल्यावर करीन."

चहा पाजला आणि रजिस्टर परत दिलं. दुसऱ्या घरी जायची माझी हिंमत झाली नाही.

सभेला बायांनी हॉल भरला. काकू म्हणाल्या, आधी ठराव मोठ्यानं वाचा, मग सह्या. वाचायला मीच. "पर्यटन विकासाकरिता जमीन" इथपर्यंत आलो आणि बाया नाही म्हणत उभ्या राहिल्या.

ठराव नामंजूर.

सरपंच काकूंवर भडकले. इतकी वर्षं चाललं, आजच वाचायचं कसं सुचलं, कुणी काही सांगितलं काय?

काकूंनी माझं नाव घेतलं असतं तर होती ती नोकरीही गेली असती, आणि गावात तोंड दाखवायची सोय उरली नसती.

काकूंनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

"वय झालं न बापा. आयकल्याशिवाय समजत नाही आता."

रोजचा पेपर पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचणारी बाई.

वर्षभर मी त्यांच्याशी धड बोललो नाही. राग होता, आणि लाजही. त्या दिसल्या की विचारायच्या, जेवला का रे.

आज घाटावरून परतताना त्यांच्या मुलाला हे सांगितलं. त्यालाही माहीत नव्हतं. काकूंनी घरातसुद्धा माझं नाव काढलं नव्हतं.

म्हणून ही पोस्ट गावच्या ग्रुपवरही टाकतो आहे. सभेच्या आधी, जंगल रिसॉर्टला देण्यासाठी, कोऱ्या पानावर तुमच्या सह्या घ्यायला निघालेला माणूस मी होतो.

माफ करा, काकू. शेवटचा जयभीम.