उघड्या झाकणाचा सर्व्हर

मालकांना पडद्यावर स्वच्छ चित्र हवं होतं आणि मला कायमची नोकरी. दोन्हींचा फैसला खंडेनवमीला होणार होता.

हिंगोलीत एका सिमेंटच्या दुकानाच्या माडीवर शेतांचे जुने नकाशे कॉम्प्युटरवर उतरवायचं खासगी काम चाले. दोन हजार सालानंतरची ती वर्षं. कॉम्प्युटर शिकलेल्या पोराला तांड्यावर अर्धा डॉक्टर समजत. मी तिथे रोजंदारीवर होतो. खंडेनवमीच्या पूजेला काम देणारे पाहुणे येणार, त्यांना मोठ्या पडद्यावर नकाशा झकास दिसला तर तुला कायम करतो, असं मालक म्हणाले होते. कायम झालास तर ठीक, नाहीतर दसऱ्यानंतर टोळीबरोबर ऊसतोडीला चल, असं घरी बापाने बजावलं होतं.

मालकांनी हैदराबादहून जुना सर्व्हर आणला होता. थाळीसारखा चपटा, लोखंडी मांडणीत सरकवायचा. असल्या मशीनला पडदा लागतो तो दुरुस्तीपुरता, म्हणून चित्राची चिप नावालाच असते. त्यामुळे नव्या रुंद पडद्यावर नकाशा भुरकट दिसे, विहिरीचा गोल अंड्यासारखा आणि शेताचा बांध जिन्यासारखा पायऱ्यापायऱ्यांचा. मी वेगळं ग्राफिक्स कार्ड मागितलं आणि ते बुटकंच हवं असं दोनदा सांगितलं. मालकांना यातलं ओ की ठो कळत नसे, पण खरेदीची हौस दांडगी. नांदेडला स्वतः जाऊन उंच कार्ड घेऊन आले. कार्ड बसलं, पण वरचं झाकण बसेना.

"मालक, हे बदलून आणा. झाकण लागून नाही राहिलं."

"झाकण काहून पायजे? वरण शिजवून राहिला का त्यात?"

सगळी माडी हसली. मालकांच्या विनोदाला हसणं हा तिथे नोकरीचाच भाग होता.

झाकण उघडं असलं की ते मशीन सुरूच होत नसे. ते ओळखणारं बारकं बटण मी चिकटपट्टीने दाबून टाकलं, मशीनचं मूळचं चित्र सेटिंगमध्ये बंद केलं, केबल नव्या कार्डाला लावली आणि पडद्यावरचे ठिपके वाढवत नेले. बांध सुताएवढा बारीक झाला. विहीर गोल झाली. एवढा आनंद मला पुढे स्वतःच्या लग्नातही झाला नाही. मालकांनी वाकून पाहिलं आणि "बराबर" म्हणाले.

खंडेनवमीला सर्व्हरला झेंडूचा हार घातला. पाहुणे नकाशा बघून माना डोलवत होते. मालकांनी नारळ फोडला आणि करवंटीतलं पाणी ओंजळीत घेतलं. नव्या ट्रॅक्टरवर शिंपडतात तसं ते मशीनवर शिंपडणार, हे मला कळलं.

"मालक, वरून नका! उघडं हाय ते."

"गप रे. तू मला पूजा शिकवतो?"

पाणी पडलं. चर्र आवाज झाला, जळका वास सुटला आणि पडदा काळा पडला. पाहुण्यांपैकी एकजण खोकला. मालकांनी ओला हात धोतराला पुसला आणि शांतपणे म्हणाले, "तांड्यावरच्या हातानं बसवलं, दुसरं काय व्हनार? ऊस तोडनारी जात, हिच्या हातात कोयताच शोभतो." पाहुणे हसले. मग मालकांनी ताटातला पेढा उचलून माझ्या तळहातावर टेकवला.

"सणाचं रिकाम्या हातानं जाऊ नको. पन उद्यापासून येऊ पन नको."

माझ्याबरोबर रोज डबा खाणाऱ्यांपैकी एकानेही मान वर केली नाही. आपापला पेढा चघळत राहिले. पेढा मी जिन्यातल्या कुत्र्यापुढे टाकला. त्यानेही हुंगला आणि सोडून दिला.

रडू येत होतं, पण एसटीत ओळखीचे लोक होते. निदान बापाला खरं काय घडलं ते सांगू, तो मालकाला चार शिव्या घालील, एवढीच आशा धरून मी तांड्यावर पोचलो. घरातही पूजा झाली होती. भिंतीशी कोयते धुऊन, हळदकुंकू लावून मांडले होते. एक बापाचा, एक आईचा आणि एक कोरा, नव्या मुठीचा.

"हा कोणाचा?" मी विचारलं.

बापाने माझ्या तोंडाकडे पाहिलं. काय झालं ते विचारलंसुद्धा नाही.

"तुझा," तो म्हणाला. "पोळ्यालाच जवळा बाजार गावाहून आणून ठेवला."