मुलीचा अर्ज, प्रलंबित

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही — मुलीला तर नाहीच. आज तुम्हाला सांगतोय, म्हणून माझी कीव करायची नाही. उपदेश तर मुळीच नको.

आधी एक स्पष्ट करतो. मुलीच्या कॉम्प्युटरवर मी पहारा बसवला होता, त्याची मला तिळमात्र लाज नाही. बारावीतली पोर! तिनं काय उघडावं, किती वेळ बसावं, हे बापानं नाही ठरवायचं तर कुणी? तिनं नवं ॲप उघडायचं म्हटलं की माझ्या फोनवर विचारणा यायची — परवानगी द्या किंवा नाकारा. आजही बसवीन तो पहारा. नाक मुरडायचं असेल तर मुरडा.

मी मोहाडीत राहतो, कचेरीत बाबू आहे. वीस वर्षांत एक विद्या पक्की शिकलो. अर्ज नामंजूर करायचा नसतो. नामंजूर केला की माणूस कारण विचारतो, वर अपिलात जातो. अर्ज प्रलंबित ठेवायचा. मग तो बिचारा आपलेच कागद तपासत बसतो — झेरॉक्स राहिली का, सही चुकली का?

मुलगी चित्रं हलवायची. म्हणजे ॲनिमेशन. दोन मिनिटांची फिल्म केली होती तिनं, रोज कारध्याच्या पुलाखालून वैनगंगा पोहून जाणाऱ्या एका म्हशीची. चांगली होती, खोटं कशाला बोलू? ती फिल्म पाठवून दूरच्या एका कॉलेजात प्रवेश मिळणार होता. आणि मला तिला पाठवायचं नव्हतं. बस. पण नाही कसं म्हणणार? पाहुण्यांसमोर छाती फुगवून सांगून बसलो होतो — माझी पोरगी तिला वाटेल ते शिकेल.

शेवटच्या तारखेला अकरा दिवस उरले असताना ते ॲप उघडेना. चौकट क्षणभर दिसायची आणि नाहीशी व्हायची. ती माझ्याकडे आली.

“बाबा, हे उघडूनच नाही राहिलं. तुमच्या पहाऱ्यानं तं नाही अडवलं?”

“त्याले तं मंजुरी कधीचीच आहे,” मी म्हणालो.

शब्द न् शब्द खरा होता. जुन्या ॲपला मंजुरी होतीच. पण ते अपडेट झालं होतं, आणि पहाऱ्याच्या लेखी आता ते नवं ॲप होतं. त्याची विचारणा सकाळीच माझ्या फोनवर येऊन पडली होती. मी ती वाचली होती. परवानगी दिली नाही — नाकारलीही नाही. नाकारली असती तर तिला कळलं असतं ना!

मग अकरा दिवस ती आपलीच चूक शोधत राहिली. ॲप काढलं, परत टाकलं. अँटीव्हायरस बंद केला. मैत्रिणींना फोन केले. कॉम्प्युटर चालू-बंद करून करून बोटं दुखली असतील तिची. फिल्म त्या ॲपशिवाय ना उघडत होती, ना बाहेर काढून पाठवता येत होती. मी शेजारच्या खुर्चीत बसून चहा पीत होतो. एकदा तर — हसा हवं तर — मीच म्हणालो, वायर हलवून पाहा.

तारीख गेली. दुसऱ्या दिवशी कचेरीत जेवणाच्या सुट्टीत मी परवानगी दिली. तेव्हापासून ते ॲप उघडतं. तिनं पुन्हा उघडून पाहिलेलं नाही. आता ती स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करते, हुशार आहे, निघेल. घरात कॉम्प्युटरचं काही अडलं की हात मागे घेते — “मले नाही जमत, तुम्हीच पाहा.”

एवढं सांगून थांबता आलं असतं. पण खरं सांगायचं ते पुढेच आहे.

तारीख गेली त्या संध्याकाळी ती माझ्यासमोर येऊन उभी राहिली. रडून डोळे सुजले होते.

“बाबा, माह्याच हातून बिघडलं काहीतरी. तुम्ही एवढ्या हौसेनं कॉम्प्युटर घेऊन देल्ला. मले माफ करा.”

मी तिच्या डोक्यावर हात ठेवला.

“जाऊ दे बाई,” म्हणालो, “होते असं.”

आणि तिला माफ केलं.