भीती सांग, अमानत ने

चार माणसं रोज सकाळी मैदानाला फेऱ्या मारायला लागली की वजन काही कमी होत नाही, किस्से मात्र वाढत जातात. आमच्याकडे तर इतके साठलेत की नवा माणूस चालायला आला की त्याला पहिल्या दोन फेऱ्या नुसतं ऐकावंच लागतं! लोकांना वाटतं, काय मजेत आहेत हे चौघं. खरं सांगू? आम्ही चौघंही घाबरलेले आहोत. फक्त एकत्र घाबरतो, एवढंच.

सगळ्यात जास्त घाबरलेला दिलीप. मूळचा फुलंब्रीकडचा, वाळूजच्या एका कंपनीत स्टोअरकीपर. दोन वर्षांपूर्वी आठवडाभर दवाखान्यात पडून होता. डॉक्टरांनी लिव्हरचा रिपोर्ट पुढ्यात ठेवून सांगितलं, "आता एक घोटसुद्धा नाही. घेतलात तर माझ्याकडे येऊ नका." दिलीपचे वडील दारूनंच गेलेले, बावन्न वर्षांचे असताना. दिलीपला तेव्हा पन्नास पूर्ण होऊन थोडे दिवस झाले होते.

डिस्चार्ज मिळाल्यावर या पठ्ठ्यानं पहिलं काम काय केलं असेल? एक सीलबंद क्वार्टर विकत घेतली आणि मैदानावर आणून माझ्या हातात ठेवली!

"भाऊ, ही तुझ्यापाशी राहू दे."

"अरे, फेकून दे ना!"

"फेकली तर दुकानात दुसरी मिळती. तुझ्यापाशी असली तर मागायला तुझ्यापुढं उभं राहावं लागतं. लई लाज वाटंल."

आमचे सलीमभाई शेजारीच बुटाची लेस बांधत होते. राहायला उस्मानपुऱ्यात, दुकान खुलताबादला, रोजचं येणं-जाणं. ते म्हणाले, "मियाँ, ये तो अमानत हुई."

अमानत म्हणजे विश्वासानं दुसऱ्याकडे ठेवलेली वस्तू. तो शब्द गायकवाड सरांनी झेलला. सर निवृत्त हेडमास्तर. नियम केल्याशिवाय त्यांना दुसरी फेरी मारता येत नाही. तिथल्या तिथं ठरलं. प्रत्येकानं आपल्या सवयीची वस्तू दुसऱ्याकडे द्यायची. ज्याच्याकडे अमानत, त्यानं ती सतत जवळ बाळगायची. मालकानं मागितली की उपदेश न करता परत द्यायची. पण मालकानं स्वतः यायचं आणि आधी आपल्याला खरी भीती कशाची वाटते ते सांगायचं. भीती सांग, अमानत ने!

*

सतत जवळ बाळगायची म्हणजे काय, हे मला तिसऱ्या दिवशी कळलं. मी आयुष्यात दारूला शिवलेलो नाही. माझं उस्मानपुऱ्यात चष्म्याचं दुकान आहे, तिथं जाताना डब्याची पिशवी सोबत असते. त्या पिशवीतून माझ्या बायकोनं, सुनंदानं डबा काढला, आणि त्यामागून क्वार्टर निघाली.

"ही काय आहे?"

"माझी नाही. दिलीपची आहे."

"पकडला गेला की प्रत्येक जण हेच म्हणतो!"

लग्नाला सत्तावीस वर्षं झाली, पण मी तिला एवढा कधी घाबरलो नव्हतो. तिनं माझ्यासमोर दिलीपला फोन लावला, स्पीकरवर. मी मनातल्या मनात म्हटलं, बाबा रे, एवढ्या वेळेला खरं बोल.

दिलीप म्हणाला, "व्हय वहिनी, माझीच हाय. तेवढी पायमोज्यात गुंडाळून ठेवा. फुटली तर मला नवी घ्यायला दुकानात जावं लागंल, अन् आत गेलो तर मी बाहेर यायचो नाय."

सुनंदानं फोन ठेवला. माझा लोकरीचा मोजा शोधला. तेव्हापासून रोज डबा भरताना ती आधी तो मोजा चाचपते.

*

गायकवाड सरांची सवय तंबाखूची. त्यांची चुनाडबी अन् पुडी दिलीपकडे. नियम यांनीच केलेले, आणि तीन तासांत हेच दिलीपच्या दारात!

"आधी भीती सांगा, सर."

"मला कशाचीच भीती वाटत नाही. चाळीस वर्षं पोरं सांभाळलीत मी."

"मग मिळत नाय."

दुसऱ्या दिवशी सर पुन्हा हजर. "पालीची भीती वाटते."

दिलीपनं पुडी उघडली, दोन बोटांत जेमतेम मावेल एवढी तंबाखू त्यांच्या तळहातावर ठेवली. "पालीच्या भीतीला एवढीच मिळती, सर!"

अकरा दिवस सरांनी कुत्रा, लिफ्ट, विजा असं सगळं सांगून पाहिलं. बाराव्या दिवशी ते आले आणि दारातच उभे राहिले. म्हणाले, "दिलीप, गालाच्या आत पांढरा डाग आहे. चार महिने झाले. घरात कुणाला माहीत नाही."

दिलीपनं अख्खी पुडी त्यांच्या हातात दिली. सरांनी ती तशीच परत केली.

दुसऱ्या दिवशी आम्ही चौघंही दवाखान्यात. काउंटरवरच्या बाईंनी विचारलं, "पेशंट कोण?"

सलीमभाईंनी सरांकडे बोट केलं. "ये वाले. हम तीनों डरने के वास्ते आए हैं."

गालातला तुकडा तपासायला गेला. रिपोर्ट यायला आठ दिवस लागले. ते आठ दिवस आम्ही मैदानावर इतके गुमान चाललो की शेजारच्या हास्य क्लबवाल्यांनी येऊन विचारपूस केली. रिपोर्ट चांगला आला. डॉक्टर म्हणाले, "आत्ता थांबलात म्हणून." सर गाडीत बसले आणि रडले. रडणाऱ्याला काही बोलायचं नाही, हा नियमही तेव्हापासून झाला.

*

सलीमभाईंना साखरेचा आजार आणि साखरेचीच आवड. खिशात स्टीलची डबी, डबीत खडीसाखर. ती डबी आली सरांकडे.

एका रविवारी सर विहारात वंदनेला बसले होते. सलीमभाई दारात येऊन थांबले. वंदना संपेपर्यंत थांबले, मग सरांना बाजूला घेतलं. चेहरा पांढराफटक.

"सर, डब्बी दे दो. डर ये है कि दाएँ पाँव का अंगूठा सुन्न है. कुछ महसूसच नहीं होता."

सलीमभाईंच्या थोरल्या भावाचा पाय याच आजारात गुडघ्यापासून काढावा लागला होता. सरांना ते ठाऊक होतं. त्यांनी सदऱ्याच्या खिशातून डबी काढली, उघडली, तर आत खडीसाखर नावालाही नाही. मुंग्याच मुंग्या!

सलीमभाई डबीत बघत म्हणाले, "हमारी तो गई. इनकी शुगर चेक कराओ."

सरांनी त्यांना रिक्षात घालून डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरांनी पायाच्या अंगठ्याला टोचून पाहिलं, दाबून पाहिलं. मग जमिनीवरचा बूट उचलून आत हात घातला. "हा बूट कोणाचा?"

चालण्यासाठीचे नवे बूट सलीमभाईंच्या लेकानं पहिल्या पगारात आणलेले. एक नंबर लहान! पोराला वाईट वाटेल म्हणून हा माणूस दोन महिने बोटं दुमडून आमच्याबरोबर चालत होता.

*

माझी सवय सांगायची राहिली. राग आला की मी हातातली वस्तू फेकतो. टीव्हीचे तीन रिमोट मोडलेत. तिसरा चिकटपट्टी लावून जेमतेम चालायचा, तो मी सलीमभाईंकडे दिला होता. एका संध्याकाळी मॅच चालू होती, चॅनल बदलायला सारखं उठावं लागत होतं. म्हटलं, पुरे झाली ही नाटकं. गेलो.

"पहले डर," सलीमभाई म्हणाले.

मी म्हटलं, "भारत हरेल याची." ते हसले नाहीत. नुसते बघत राहिले. माणूस गप्प राहिला की आपणच बोलायला लागतो.

"पोरगा माझ्या चपलेचा आवाज आला की पुस्तक उघडतो," मी म्हणालो. "आईबरोबर हसत असला तर मधेच थांबतो. उद्या तो कुठं लांब नोकरीला गेला, तर मला फोनसुद्धा करणार नाही."

हे मी स्वतःशीसुद्धा कधी बोललो नव्हतो. सलीमभाईंनी खिशातून रिमोट काढला, माझ्याकडे रोखला आणि एक बटन दाबलं.

"हे काय केलं?"

"आवाज कम किया!"

रिमोट तिथंच ठेवून मी घरी आलो. हल्ली घरात शिरताना मी पोराला बाहेरूनच नावानं हाक मारतो. तो अजूनही पुस्तक उघडतो. परवा मात्र जरा उशिरा उघडलं.

*

आता दिलीप. या दोन वर्षांत तो बाटली मागायला सात वेळा दुकानात आला. दर वेळी भीती सांगायचा, चहा प्यायचा आणि बाटली न घेताच निघायचा. मोज्यातून ती बाहेर काढायची वेळच माझ्यावर आली नाही.

मग एका सकाळी त्यानं मैदानावर वडिलांचा शाळेचा दाखला आणला. "सर, हिशोब करून द्या. बाप गेला तेव्हा किती वर्षं, किती दिवसांचा होता, अन् मी तेवढा कधी होणार?"

सर दाखला बघून म्हणाले, "एक जून! अरे, ही तारीख गुरुजींनी मनानं टाकलेली असते. मी स्वतः शेकडो पोरांना एक जूनला जन्माला घातलंय."

"असू द्या. मला तीच ठाऊक हाय."

सरांनी लीप वर्षं धरून कागदावर मांडलं. येता गुरुवार! त्यानंतर दिलीप बोलेनासा झाला, आणि आम्ही तिघं गुरुवारला घाबरायला लागलो.

गुरुवारी भर दुपारी दिलीप दुकानात आला. डोळे तपासायच्या स्टुलावर बसला आणि समोरच्या अक्षरांच्या तक्त्याकडे बघत राहिला.

"भाऊ, दे."

"भीती?"

"आज मी बापाएवढा झालो. उद्यापासून त्याच्याहून थोरला. बावन्नपर्यंत कसं जगायचं ते बघितलंय मी, वाईट का होईना. त्याच्या पुढं आमच्या घरातला एकबी पुरुष गेला नाय. चुलता नाय, आजा नाय. पुढचं वय मला कोणी दाखवलंच नाय, भाऊ."

मी मोजा त्याच्यापुढे धरला. मला वाटलं, नेहमीसारखा चहा मागेल. त्यानं मोज्यातून बाटली काढली, पँटच्या खिशात घातली आणि निघून गेला. रिकामा मोजा माझ्या हातात राहिला.

मी सरांना फोन केला. "नियम म्हणजे नियम," सर म्हणाले, पण दहा मिनिटांत दुकानात हजर झाले. सलीमभाई खुलताबादहून मिळेल त्या जीपनं निघाले. दिलीपचा फोन बंद. त्याच्या बायकोला लावला, तर वहिनी म्हणाल्या, "गच्चीवर बसलेत. कुणी वर येऊ नका म्हणाले." त्यांच्या घरापर्यंत आम्ही तिघं गेलो. खालून गच्चीचा कठडा दिसला, माणूस दिसला नाही. अर्धा तास रस्त्यावर उभे राहून परत आलो. मी एवढा भ्यालेलो कधीच नव्हतो. मीच दिली होती बाटली.

शुक्रवारी सहाला आम्ही मैदानावर. साडेसहा वाजले. सात वाजले. सलीमभाई तोंडातल्या तोंडात दुआ म्हणत होते. सर गेटकडे पाठ करून उभे होते, बघवत नव्हतं म्हणून. हास्य क्लबवाले हसून घरी गेले.

सव्वासातला दिलीप आला. दाढी वाढलेली, डोळे लाल. सरळ माझ्यापुढे आला आणि बाटली हातात दिली.

सील जसंच्या तसं होतं. लेबल मात्र नखानं खरवडून खरवडून पार गेलं होतं, आणि त्याच्या बोटांची टोकं सोललेली होती.

मी मोजा काढला. बाटली आत घालताना ती दोनदा निसटली.

"चला की," दिलीप म्हणाला. "उशीर झाला."

रोज सगळ्यांच्या पुढे सर चालतात. त्या दिवशी सर बाजूला सरकले. दिलीप पुढे झाला, आणि आम्ही त्याच्या मागून चालायला लागलो.