धागा तुटल्याची जागा

मिल कायमची बंद पडली, भोंगाही थांबला. आधी मी तिथं चालवायचो त्या मागाची खडखड कानात असायची. ती गेली आणि घरात माणसं आहेत की नाहीत, तेच कळेना.

बायको पेटी वाजवायची. शेजारीण मिलमध्ये बॉबिनवर सूत भरायची. काम गेल्यावर ती आमच्याकडे येऊन स्टीलचं ताट पालथं घालायची आणि चमच्यांनी मागाचा ठेका धरायची. तिनं काही नवं काढलं की बायको ते पेटीवर उचलायची, मोडून परत द्यायची. गाणं म्हणावं तर शब्दच नाहीत. गल्लीतले विचारायचे, "भाभीजी, रियाज चाललाय की भांडी?"

एकदा शेजारणीचा एक ठोका चुकला. मी जेवता जेवता ताडकन उठलो, ओरडलो, "धागा तुटला!" माग असा अडखळला की धावत जाऊन थांबवावाच लागतो. दोघी पोट धरून हसल्या. पुढे तो ठोका मुद्दाम गाळायला लागल्या. एकदा टेपवर भरून घेतलं तेव्हा मलाही तिथं ओरडायला लावलं. कॅसेटवर तसंच आहे, माझ्या ओरडण्यासकट.

शेजारीण लेकाकडे सुरतेला गेली. वर्षाच्या आत बायको वारली. मग कुणाकडून तरी ती कॅसेट ऐकून संगीत कॉलेजच्या मॅडम आल्या, पुण्याकडच्या. "काका, आम्ही इतिहासात नुसते उस्तादच शिकवतो. मला घरातल्या बायकांचं संगीतही शिकवायचंय. ही रचना कोणाची?"

"माझ्या बायकोची," मी बोलून गेलो.

"मग वर्गात येऊन सांगा."

मी शेजारणीचं नावच घेतलं नव्हतं. खरं सांगितलं तर बायकोचं अर्धंच राहणार. आधीच काय उरलंय तिचं? पेटी आणि कॅसेट.

वर्गात गेलो. फळ्यावर बायकोचं नाव, खाली रेघ. मी चौथी शिकलोय, पण तेवढं वाचता येतं. कॅसेट लागली, माझं ओरडणं आलं, पोरं हसली. मॅडमनी विचारलं, "ही रिकामी जागा त्यांना कशी सुचली?"

"कुठली सुचतेय! शेजारणीचा हात चुकला, मी घाबरलो, हिनं ते ठेवून घेतलं. अर्धं शेजारणीचं आहे. मी खोटं बोललो, मॅडम."

मॅडमनी डस्टर उचललं. वाटलं, नाव पुसणार. त्यांनी नावाखालची रेघ तेवढी पुसली, शेजारणीचं नाव विचारलं आणि बाजूला लिहिलं.

घंटा झाली. एका पोरानं विचारलं, "काका, आधी कुणाचं लिहू?"

"कुणाचंही लिही रे भिया, पण दोन्ही लिही. आणि लवकर लिही, फळा पुसतील आता."